थंडीत घरातल्या वयस्कर माणसांची आंघोळ: आधी न्हाणी उबदार करा, मग पाणी काढा

तीन वर्षांपूर्वीच्या पौषातली गोष्ट. आमच्या आत्या (सासूबाईंना आमच्या घरात आत्याच म्हणतात) पहाटे साडेपाचला नेहमीप्रमाणे परड्यातल्या न्हाणीत गेल्या. वय ७८. बंबातलं कढत पाणी काढून घेतलं आणि आतून कडी लावली. थोड्या वेळाने तांब्या आपटल्याचा आवाज आला आणि मग सगळं शांत. हाका मारल्या, उत्तर नाही. दार आत उघडणारं, त्याला कडी, आणि आत्या दारालाच टेकून पडलेल्या. शेवटी शेजारचा मुलगा भिंत आणि कौलं यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून आत उतरला. त्याने आत्यांना हळूच बाजूला घेतलं, कडी काढली, तेव्हा कुठे आम्ही आत शिरलो. त्या शुद्धीवर होत्या, पण ओल्या अंगाने थडथडत होत्या आणि उजवं मनगट वाकडं झालेलं होतं. सहा आठवडे प्लास्टर.

नंतर त्या म्हणाल्या, "पाणी चांगलं कढत होतं गे. मला गारठा वाजलाच नाही. उठले, आणि डोळ्यांपुढं काळोख आला."

घोळ नेमका तिथेच होता, आणि आम्हाला कुणालाच तो माहीत नव्हता. म्हातारं माणूस आहे, थंडी आहे, तर पाणी जास्त कढत द्यायचं, एवढीच आमची काळजी. त्यानंतर डॉक्टरांना विचारून, फिजिओथेरपीच्या ताईंकडून शिकून आणि घरात चुकत-सुधारत जे कळलं ते क्रमाने लिहिते. आईवडील किंवा सासू-सासरे नुकतेच गावाकडून तुमच्याकडे राहायला आले असतील, किंवा त्यांची काळजी घेण्याची वेळ तुमच्यावर पहिल्यांदाच आली असेल, तर हे तुमच्यासाठी.

शरीरात काय होतं ते आधी समजून घ्या

आमचा भाग बेळगावचा, आणि बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १०-१२ अंशांपर्यंत सहज उतरतो, आणि खानापूरच्या पुढे जांबोटी-कणकुंबीकडे गारठा आणखी बोचतो. अशा वेळी अंगावरचे कपडे उतरवले की कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. लगेच कढत पाणी अंगावर घेतलं की त्याच रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब खाली येतो. मग ओल्या अंगाने गार हवेत आलं की पुन्हा आकसतात. तरुण शरीर हे चढउतार सांभाळून घेतं. सत्तरीच्या पुढचं शरीर, त्यातही रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असलेलं, तेवढ्या चपळाईने सांभाळू शकत नाही. चक्कर येते, तोल जातो, आणि कधी कधी हृदयविकाराचा किंवा अर्धांगाचा झटकाही येतो.

जपानमध्ये याला 'हीट शॉक' असं नावच पडलं आहे. तिथे लोक खोल टबात गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसतात, आणि थंडीच्या महिन्यांत वयस्कर लोकांचे न्हाणीघरातले मृत्यू हा तिथे मोठा प्रश्न आहे. म्हणून तिथलं ग्राहक खातं दर हिवाळ्यात लोकांना सांगतं: पाणी ४१ अंशांच्या वर नको, दहा मिनिटांपेक्षा जास्त बसू नका, आणि कपडे बदलण्याची जागा आधी गरम करा. आपल्याकडे टब नाही, त्यामुळे बुडण्याची भीती कमी. पण तांब्याने आंघोळ करताना दर दोन तांब्यांच्या मध्ये ओलं अंग वाऱ्यावर राहतं आणि अंगावरचं पाणी सुकताना ऊब घेऊन जातं. शिवाय आपण खाली पाटावर बसतो, म्हणजे उठावं लागतंच.

आणायच्या वस्तू

एकदम सगळं घ्यायची गरज नाही. मी ज्या क्रमाने घेतलं असतं तर बरं झालं असतं, त्या क्रमाने सांगते.

- पायांना रबरी बूच असलेली, पाठ टेकता येणारी आंघोळीची खुर्ची. सर्जिकल सामानाच्या दुकानात अॅल्युमिनियमची, उंची कमीजास्त करता येणारी मिळते.
- खालून चोषक असलेली रबरी मॅट.
- भिंतीत पक्की बसवलेली स्टीलची दांडी, निदान एक.
- बाहेरूनही उघडता येईल अशी कडी.
- हातघंटी किंवा बिनतारी कॉलबेल.
- दोन मोठे टॉवेल, एक लोकरी टोपी, बाहेर बसून कपडे घालायला एक साधी लाकडी खुर्ची.
- पाण्याचं तापमान बघायचा साधा थर्मामीटर. नसला तरी चालेल, कोपर आहे.

१. वेळ बदला

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी उपाय हाच, आणि घरात सगळ्यात जास्त वाद यावरूनच होतो.

पहाटे हवा सर्वांत गार असते, आणि हृदयविकाराचे झटके येण्याचं प्रमाणही सकाळच्या तासांत जास्त असतं. झोपेतून उठल्या उठल्या शरीर अजून सावरलेलं नसतं. त्यामुळे थंडीत वयस्कर माणसाची आंघोळ दहा-साडेदहानंतर, ऊन परड्यात आल्यावर ठेवा. अगदी उपाशीपोटी नको, आणि भरपेट जेवल्यावर लगेचही नको. जेवणानंतर रक्त पोटाकडे जास्त वळतं आणि म्हाताऱ्या माणसांचा रक्तदाब उतरतो. जेवण आणि आंघोळ यांत दीड-दोन तास जाऊ द्या. सकाळची न्याहारी हलकी असली तर तासभर पुरे.

आत्यांनी हे मानलं नाही. आंघोळ केल्याशिवाय तुळशीला पाणी नाही, देवापुढे दिवा नाही, हे सत्तर वर्षांचं वळण. मी चिडून उपयोग झाला नाही. शेवटी आमच्या गुरुजींशी बोलले. त्यांनी घरी येऊन आत्यांना सांगितलं की आजारी आणि अशक्त माणसासाठी शास्त्रात मंत्रस्नान आणि मानसस्नानही सांगितलेलं आहे. आता त्या पहाटे कोमट पाण्याने हातपाय-तोंड धुतात, धूतवस्त्र नेसतात, दिवा लावतात, आणि अंगावरची आंघोळ अकराला करतात. तुमच्याही घरी अडलं तर ज्यांचा शब्द त्यांना पटतो त्या माणसाकडून सांगवा. सुनेचा किंवा मुलाचा शब्द तिथे कमी पडतो, आणि त्यात राग मानण्यासारखं काही नाही.

२. न्हाणी उबदार करा

पाणी काढायच्या आधी दहा मिनिटं न्हाणीकडे बघा. ज्या मोकळ्या जागेतून शेजारचा मुलगा आत उतरला, त्याच जागेतून रोज पहाटे वारा आत्यांच्या ओल्या पाठीवर येत होता. आम्ही वाऱ्याच्या दिशेची बाजू पत्र्याने बंद केली आणि समोरची वीतभर उघडी ठेवली. पूर्ण बंद कधीही करू नका. का, ते पुढे पाणी तापवण्याच्या भागात आहे.

मग एक बादली चांगलं गरम पाणी झाकण न ठेवता आत ठेवा आणि दार ओढून घ्या. पाच-सात मिनिटांत वाफेने हवा बदलते. थोडं गरम पाणी फरशीवर आणि खुर्चीवरही ओता, म्हणजे गार फरशीवर पाय ठेवताना अंगावर काटा येत नाही. विजेचा रूम हीटर वापरायचाच असेल तर आंघोळीच्या आधी लावा आणि माणूस आत जायच्या आधी बाहेर काढा. ओल्या जागेत तो चालू ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. कोळशाची शेगडी आत ठेवणं तर नकोच.

टॉवेल आणि कपडे उन्हात टाकून ठेवा. आमच्याकडे बंबाशेजारच्या दोरीवर टाकतो. आंघोळ झाल्यावर ऊबदार टॉवेल पाठीवर पडला की आत्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

गावाकडे अनेक आजोबा विहिरीजवळ किंवा हौदाकाठी उघड्यावरच आंघोळ करतात. सवय असते, ऐकत नाहीत. निदान वाऱ्याच्या बाजूला ताडपत्रीचा आडोसा तरी बांधा.

३. फरशी, खुर्ची, दांडी

पावसाळ्यात मोरीच्या कोपऱ्यात धरलेलं शेवाळ थंडीतही तिथेच असतं, फक्त हिरवं दिसत नाही. ब्लीचिंग पावडर टाकून काथ्याने घासा, भरपूर पाण्याने धुवा. ब्लीचिंग पावडर आणि टॉयलेट साफ करायचं अॅसिड एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीत जीव गुदमरतो. गुळगुळीत टाइल्सपेक्षा टाकीचे घाव असलेली खरबरीत फरशी बरी. मॅट रोज उचलून उभी वाळवा, नाहीतर तिच्याखालीच बुळबुळीत थर साठतो.

पाट काढून टाका. हे लिहिताना मलाही जड जातं, कारण आमचा पाट आत्यांच्या माहेरचा होता. पण चार बोटं उंचीच्या पाटावरून उठताना गुडघे, कंबर आणि रक्तदाब या तिन्हींची परीक्षा एकदम होते. बसल्यावर गुडघा काटकोनात येईल आणि दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील एवढ्या उंचीची खुर्ची हवी, साधारण १६ ते १८ इंच. घरातलं प्लास्टिकचं स्टूल चालवू नका. ओल्या फरशीवर ते सरकतं आणि जुनं झालेलं स्टूल वजनाने पाय फाकवतं.

दांडीच्या बाबतीत आम्ही फसलो. कामाला आलेल्या प्लंबरने टॉवेलची दांडी बसवून दिली आणि "हीच धरायची" म्हणून सांगितलं. महिन्याभरात ती स्क्रूसकट हातात आली. नशीब, तेव्हा ती माझ्या हातात होती. टॉवेलची दांडी माणसाचं वजन घेत नाही. आणि आपल्याकडच्या जुन्या घरांच्या मातीच्या किंवा भुसभुशीत जांभ्याच्या भिंतीत नुसता प्लगही धरत नाही. भिंतीच्या आरपार बोल्ट घालून पलीकडून लोखंडी पट्टी लावून घ्या, किंवा जमिनीत सिमेंटने उभा पाइप पक्का रोवून घ्या. दांडीची उंची ठरवताना आजी-आजोबांना खुर्चीवर बसवा, उठायला सांगा, आणि त्यांचा हात आपसूक जिथे जातो तिथे खूण करा. बसवून झाल्यावर स्वतः तिला लोंबकळून बघा.

४. कडी

यावर तडजोड नको. दार बाहेर उघडणारं करून घ्या. आत पडलेलं माणूस आत उघडणाऱ्या दाराला अडसर होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आतून कडी लावू नका म्हटलं तर कुठल्याही बाईला अवघडल्यासारखं होणारच, आणि ते बरोबर आहे. आत्यांसाठी आम्ही दाराच्या आत जाड पडदा लावला आणि बाहेर खिळ्यावर लाल कापड अडकवायचं ठरवलं. लाल कापड दिसलं की कोणीही त्या बाजूला फिरकत नाही. ज्यांना कडी हवीच त्यांच्यासाठी बाहेरून नाणं घालून फिरवता येणारी कडी मिळते.

घंटी बसल्या जागेवरून हाताला लागेल अशी ठेवा, आणि पडल्यावरही पोचेल अशी तिची दोरी जमिनीपर्यंत सोडा. आंघोळ चालू असताना घरातलं एक माणूस ऐकू येईल एवढ्या अंतरावर असलंच पाहिजे. टीव्ही बंद. मी बाहेर भाजी निवडत बसते आणि अधूनमधून काहीतरी विचारते. उत्तर आलं की समजायचं, सगळं ठीक.

५. पाणी कशावर तापवता?

बंब किंवा पाणचूल असेल तर: ती न्हाणीच्या आत नको. लाकूड, शेणी, कोळसा काहीही जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि माणसाला वाटतं की आपल्याला पित्त झालंय. बंब परड्यात उघड्यावर ठेवा. कढत पाण्याची बादली वयस्कर माणसाने स्वतः उचलायची नाही, हेही ठरवून टाका.

गॅस गिझर असेल तर: हाच धोका, आणि इथे तो जास्त फसवा, कारण धूर दिसत नाही. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, पण जळून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला तो नसतो. गॅस गिझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्या. 'खिडकी आहे' एवढ्यावर भागत नाही, कारण थंडीत तीच खिडकी आपण पहिल्यांदा बंद करतो. गॅसगळतीचा वास आला तर १९०६ हा तातडीचा क्रमांक आहे.

विजेचा गिझर असेल तर: २ किलोवॉटचा गिझर साधारण ९ अँपिअर वीज ओढतो. त्याला १६ अँपिअरचा तीन पिनांचा सॉकेट आणि नीट अर्थिंग हवं. शिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. वीज अंगातून जाऊ लागली तर तो क्षणात पुरवठा तोडतो. जुन्या घरात अर्थिंगची तार नुसती दाखवायला असते, म्हणून इलेक्ट्रिशियनला तपासून दाखवायला सांगा. आंघोळीच्या आधी गिझरचं बटण बंद, हा घरातल्या सगळ्यांसाठी नियम. थर्मोस्टॅट ५० अंशांच्या आसपास ठेवा.

रॉड असेल तर: वयस्कर माणसाच्या हाती देऊच नका. आधी रॉड पाण्यात, मग बटण. काढताना आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग रॉड बाहेर, आणि त्यानंतरच पाण्याला हात. धातूची बादली अजिबात नको.

सोलर असेल तर: दुपारी आंघोळ करणाऱ्यांनी विशेष जपा. पाइपमधलं पहिलं पाणी गार येतं, म्हणून माणूस तोटी सोडून ठेवतो, आणि मग एकदम टाकीतलं पोळणारं पाणी येतं. सोलरचं पाणी थेट अंगावर कधीच घेऊ नका. आधी बादलीत.

६. विसण आधी, कढत नंतर

आपली सगळ्यांची सवय उलटी आहे: आधी कढत पाणी, मग विसण. मधल्या वेळात कोणी हात घातला, बादली कलंडली, किंवा विसरभोळेपणात तसाच तांब्या अंगावर घेतला की भाजलंच. ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत खोल भाजतं, आणि म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असल्याने तिला तेवढाही वेळ लागत नाही. ज्यांना मधुमेहामुळे पायांत बधिरपणा आहे, त्यांना तर पाणी पोळतंय हे कळतही नाही.

म्हणून बादलीत आधी गार पाणी, मग कढत ओता, आणि हाताने ढवळा. पाणी ३७ ते ४० अंश असावं. थर्मामीटर नसेल तर तुमचं कोपर बुडवा: कोमटाच्या जरा वर, पण चटका नाही, ते पाणी बरोबर. त्यांच्या बोटांवर विसंबू नका. आयुष्यभर तव्यावरची भाकरी उलटलेल्या बोटांना काहीच गरम लागत नाही. बादली खुर्चीच्या उंचीला, स्टुलावर ठेवा, म्हणजे दर तांब्याला वाकावं लागणार नाही.

७. आंघोळ घालताना

जायच्या आधी लघवीला जाऊन येऊ द्या आणि दोन-चार घोट कोमट पाणी पाजा. कपडे खुर्चीवर बसल्यावरच उतरवायचे, आणि तेही एकदम सगळे नाहीत.

पहिला तांब्या पावलांवर, मग पिंढऱ्या, मग हात. मग खांदे, पाठ, छाती. डोकं सगळ्यात शेवटी, आणि थंडीत ते आठवड्यातून एकदाच, उन्हाच्या वेळी. पहिलाच कढत तांब्या डोक्यावर ओतायची पद्धत सोडा. ज्या भागावर पाणी चालू नाही तिथे टॉवेल पांघरलेला असू द्या. पाच ते दहा मिनिटांत सगळं उरका.

साबण काखेत, जांघेत, पावलांना. बाकी अंगाला रोज साबण लावला तर कातडी कोरडी पडून खाज सुटते, आणि आजी रात्रभर पाठ खाजवत बसतात. खोबरेल तेल आंघोळीच्या आधी नको. तळव्यांना लागलेलं तेल आणि ओली फरशी यांचं सोयरं जुळलं की पडणं ठरलेलं. अंग टिपून झाल्यावर, थोडं दमट असतानाच तेल लावा. थंडीत बाटलीतलं खोबरेल दगडासारखं गोठतं. आत्या बाटली सकाळीच तुळशीकट्ट्यावर उन्हात ठेवतात, अकरापर्यंत ते बरोबर पाघळलेलं असतं.

अर्धांगवायू होऊन गेलेला असेल तर तुम्ही कमजोर बाजूला उभे राहा. कपडे काढताना चांगला हात आधी, घालताना कमजोर हात आधी. आधार देताना दंड धरून ओढू नका, खांदा निखळू शकतो. कमरेभोवती टॉवेल किंवा रुंद पट्टा बांधून तो धरा.

८. उठणं

आत्या इथेच पडल्या, म्हणून वेगळं लिहिते. कोमट पाण्याने सैलावलेलं शरीर एकदम उभं केलं की रक्त पायांत उतरतं आणि मेंदूला क्षणभर कमी पडतं. रक्तदाबाच्या, लघवी साफ होण्याच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी हे जास्त होतं. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पण गोळी किती वाजता घ्यायची आणि आंघोळ किती वाजता करायची हे डॉक्टरांना नक्की विचारा.

पद्धत अशी: शेवटचा तांब्या झाला की उठायचं नाही. बसूनच अंग पुसायचं, अंगावर कोरडं काहीतरी घ्यायचं. पाय दहा-बारा वेळा पुढेमागे हलवायचे, मुठी उघडझाप करायच्या. मग दांडी धरून उभं राहायचं आणि तिथेच दहा आकडे मोजायचे. गरगरलं तर परत खाली बसायचं. पातळ, परकर, पायजमा एका पायावर उभं राहून घालायचा नाही. बाहेरच्या कोरड्या खुर्चीवर बसूनच. टोपी सगळ्यात आधी.

९. आंघोळ नको असे दिवस

ताप, जुलाब, चक्कर, नेहमीपेक्षा बराच कमी किंवा जास्त रक्तदाब, छातीत जड वाटणं: आंघोळ नाही. (छातीत दुखत असेल तर थेट दवाखाना.) आणि एरवीही, थंडीत रोज आंघोळ केलीच पाहिजे असं नाही. आठवड्यातून दोन-तीनदा पुरते, बाकी दिवशी अंग पुसा. कोमट पाण्याची दोन भांडी घ्या, एक साबणाचं, एक साधं. एका वेळी एकच भाग उघडा, पुसा, कोरडा करा, झाका. काख, जांघ, स्तनांखालची घडी आणि पायांच्या बोटांमधल्या बेचक्या कोरड्या राहिल्याच पाहिजेत, नाहीतर तिथे नायटा धरतो. मधुमेह असेल तर याच वेळी तळवे उजेडात बघून घ्या.

१०. दिवाळी आणि यात्रा

अभ्यंगस्नान हे तेल, उटणं, पहाट आणि थंडी असं सगळं एकत्र आणतं. आजी-आजोबांना ओवाळा, हातापायांना उटणं लावा, पण आंघोळ उजाडल्यावर घाला, आणि आधी न्हाऊन गेलेल्या पोरांनी तेलकट केलेली फरशी साबणाने धुऊन घ्या.

मार्गशीर्षातल्या पुनवेला सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जाताना जोगळभावीत स्नान करण्याची प्रथा आहे. वयस्कर माणूस सोबत असेल तर पाणी अंगावर शिंपडून, पाय धुऊन दर्शनाला न्या. गर्दी, ओल्या पायऱ्या आणि गार पाणी यांत सांभाळायला माणसं पुरत नाहीत. कृष्णा, मलप्रभा, घटप्रभेच्या घाटावरही हेच.

११. पडलेच तर

आधी गिझरचं किंवा रॉडचं बटण बंद करा, मग आत जा. लगेच उचलू नका. एक पाय आखूड झालेला आणि बाहेर वळलेला दिसला, किंवा जांघेत खूप दुखत असेल, तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. आहे तिथेच ठेवा, ओले कपडे काढा, खाली-वर कोरडं पांघरूण घाला आणि १०८ ला फोन करा. नुसती चक्कर असेल आणि कुठे मार नसेल, तर आडवं ठेवून पाय थोडे उंच करा.

तोंड वाकडं झालंय का, दोन्ही हात वर उचलता येतात का, बोलणं अडखळतंय का, बघा. यातलं एकही असेल तर घड्याळात वेळ बघून लिहून ठेवा. अर्धांगाच्या झटक्यावरचं गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि डॉक्टर पहिल्यांदा हीच वेळ विचारतात. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, तर वरून काही दिसलं नाही तरी दवाखान्यात न्या.

भाजलं असेल तर तेवढ्याच भागावर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, बाकी अंग झाकलेलं. बर्फ, टूथपेस्ट, शाई काही नको. गॅसमुळे गुदमरल्याचा संशय असेल तर दार-खिडक्या उघडा, गॅस बंद करा आणि माणसाला मोकळ्या हवेत आणा.

१२. दाराजवळ लावायचा कागद

आमच्या भागात १०८ ला फोन केला की पलीकडून कन्नडच बोललं जाईल असं धरून चाला. घाबरलेल्या माणसाला येत असलेलं कन्नडही त्या वेळी आठवत नाही, म्हणून आम्ही देवनागरीत लिहून दाराशेजारी चिकटवलं आहे:

- वयस्सादवरु बच्चलमनेयल्लि बिद्दिद्दारे (वयस्कर माणूस न्हाणीघरात पडलंय)
- प्रज्ञे तप्पिदे (शुद्ध गेली आहे)
- एदे नोवु इदे (छातीत दुखतंय)
- उसिराडलु कष्ट आगुत्तिदे (श्वास घ्यायला त्रास होतोय)
- बेग आंब्युलन्स कळिसि (लवकर अँब्युलन्स पाठवा)

त्याखाली गाव, तालुका, जिल्हा, राज्य आणि जवळची ठळक खूण. सीमेवरच्या गावात मोबाईल कधी पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडतो, म्हणून राज्य आणि जिल्हा पहिल्यांदा सांगा. गल्लीत गाडी येत नसेल तर कुठल्या तिठ्यावर माणूस उभं राहील तेही लिहा.

कागदाच्या मागे एक प्लास्टिकची पिशवी टांगा. तिच्यात चालू गोळ्यांची नावं आणि वेळा, कशाची अॅलर्जी आहे ते, शेवटचे रिपोर्ट, आधार कार्ड आणि रेशन कार्डाची झेरॉक्स, दोन नातेवाइकांचे नंबर, वाचायचा चष्मा आणि थोडे सुटे पैसे. गोळ्या बदलल्या की त्याच दिवशी यादी बदला. आमच्या पिशवीतली यादी आत्या स्वतः लिहितात, डाव्या हाताने मनगट धरून, मोठ्या अक्षरांत.